देवाची आज्ञा पाळण्यात स्वातंत्र्य कसलं?

प्रश्न असा आहे: "मी ख्रिस्ती घरात वाढलो. रविवारची मिस्सा चुकली की घरात बोलणी बसतात. फादर म्हणतात, देवाची आज्ञा पाळण्यातच खरं स्वातंत्र्य आहे. आज्ञा पाळायची आणि वर त्यालाच स्वातंत्र्य म्हणायचं, ही फसवणूक नाही का?"

फसवणूक होऊ शकते. देव आणि देवाच्या नावाने बोलणारी माणसं यांत फरक केला नाही तर हमखास होते. त्याकडे पुढे येतो.

प्रवचनात या विषयावर एक ठरलेला दाखला असतो. पतंग दोऱ्याला बांधलेला असतो म्हणून उडतो, दोरा तुटला की माडावर जाऊन अडकतो. लहानपणापासून ऐकत आलोय, मला तो कधीच पटला नाही. पतंगाला कोणी विचारलेलं नसतं. माणसाला विचारलेलं असतं आणि सगळा घोळ तिथेच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, येशू म्हणतो की तुम्ही माझ्या वचनात राहिलात तर तुम्हाला सत्य समजेल आणि सत्य तुम्हाला मुक्त करील. हे वाक्य भिंतींवर रंगवलेलं दिसतं, पण अर्धंच. 'वचनात राहिलात तर' हा तुकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो. ऐकणारे चिडतात. म्हणतात, आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधीच कोणाचे दास नव्हतो. हे बोलताना यरुशलेमात रोमन फौज बसलेली, आणि त्यांच्या पूर्वजांनी मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये आणि बाबेलात म्हणजे बॅबिलोनमध्ये दास्य काढलेलं! येशू मात्र रोमचं नावही काढत नाही. जो कोणी पाप करतो तो पापाचा दास आहे, एवढंच म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी 'मालक हवा की नको' असा प्रश्नच नाही. मालक असतोच. तो कोण, हे आपल्याला ठाऊक नसतं इतकंच.

हे मला शास्त्र वाचून कळलं असं म्हटलं तर ते खरं नव्हे. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. भाऊबंदकी काय असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आणि धर्म बदलला म्हणून तीही बदलत नाही. सातबाऱ्यावर सामाईक नावं, मध्ये एक गडगा म्हणजे दगडी कुंपण, गडग्याला लागून एक रायवळ आंबा. गडगा कोणी सरकवला यावरून माझ्या वडिलांचं आणि चुलत्यांचं बिनसलं. दावा झाला, मोजणी झाली, मोजणीवर हरकत झाली, तारखा पडत राहिल्या. दोघेही गेले, तेव्हा जमिनीबरोबर वैरही माझ्या आणि चुलतभावाच्या नावावर चढलं. त्याला फेरफार लागला नाही.

त्या काळातलं माझं स्वातंत्र्य बघा. मला हुकूम सोडणारं कोणी नव्हतं. पण बाजाराची जवळची वाट त्याच्या खळ्यासमोरून जाते, म्हणून आम्ही लांबच्या वाटेने जायचो. ज्या लग्नाला ते, त्या लग्नाला आम्ही नाही. क्रूसाकडे लादीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असली की कोण कोण आलंय त्याचा आधी कानोसा घ्यायचा. मिस्सेत परमप्रसादाआधी शेजाऱ्याला हात जोडून शांती द्यायची असते. तेव्हा एकमेकांकडे वळावं लागू नये म्हणून दोन्ही घरांची बाकं ठरलेली, आणि ती अख्ख्या चर्चला ठाऊक. मी कुठून चालायचं, कुठे बसायचं, कुठे जेवायचं हे सगळं चुलतभाऊ ठरवत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. इतका आज्ञाधारक मी देवाचाही कधी नव्हतो.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा अगदी व्यवहारी आहे. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. राग त्याच्या मनात आहे, आणि जायचं मात्र आपण. बरोबर कोण होता याची चौकशीसुद्धा नाही. मला ही आज्ञा अन्यायाची वाटत होती. क्षमा करावीशी वाटेल तेव्हा करू असं म्हणत बसलो असतो तर आजही बसून असतो. गेलो तो केवळ सांगितलंय म्हणून. मनात ओलावा वगैरे काही नव्हता.

दादा खळ्यातच होता. "काय रे, वाट चुकलंस?" म्हणाला. वहिनीने चहा टाकला. मी म्हटलं, कोर्टात काय व्हायचं ते होवो, आपण बोलत जाऊया. त्याचं उत्तर: "गडगो हलवूचो नाय हां." बरं, म्हटलं, नको हलवूस.

याचा गोड शेवट झाला असं समजू नका. पुढे दावा तडजोडीने मिटला, त्यात रायवळ त्याच्याकडे गेला, आंबे तोच काढतो. आमचं बोलणं अजून मोजकंच आहे. पण बाजाराला मी आता जवळच्या वाटेने जातो. आणि हे आधी पटलं आणि मग केलं, असं झालं नाही. केलं, आणि बऱ्याच काळाने पटलं.

क्रमाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. दहा आज्ञा बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहेत. पहिली आज्ञा देण्याआधी देव आपली ओळख देतो: तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तो मी. तोवर समुद्र ओलांडून झालेला आहे, मिसरच्या राजाची, फारोची, फौज बुडालेली आहे. सुटका आधी, आज्ञा नंतर. 'पाळाल तर सोडवीन' असा सौदा तिथे नाही. आणि त्या आज्ञांत एक अशी की सातव्या दिवशी कोणी काम करायचं नाही, दासदासींनी नाही, गुराढोरांनीही नाही. काल-परवापर्यंत फारोसाठी विटा पाडणाऱ्या माणसांना विसाव्याची आज्ञा! शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, शनिवारचा आणि आपला रविवार पुनरुत्थानाचा, हे खरं. पण विसाव्याचा धागा तिथूनच आलाय. ज्या रविवारवरून तुम्हाला बोलणी बसतात, तो मुळात गुलामांच्या सुटकेचा दिवस आहे. तुमच्या घरी तो हजेरीचा दिवस झाला असेल, तर दोष त्या आज्ञेचा नाही.

प्रेषित पौलाचंही असंच. गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना कोणीतरी सांगत होतं की नुसता विश्वास पुरत नाही, सुंताही हवी. पौल भडकून लिहितो, ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठीच मोकळं केलंय, पुन्हा जोखडात मान देऊ नका. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे: प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. 1520 साली प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने हीच दोन टोकं शेजारी मांडली, की ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वामी, कोणाचाही ताबेदार नाही, आणि तोच सगळ्यांचा सेवक, प्रत्येकाचा ताबेदार. मी कॅथलिक आहे, तरी एवढं त्याचं मान्य करतो.

आज्ञा म्हणजे तोंड मिटून हो म्हणणं, असं तुम्हाला वाटत असेल तर अटकेच्या आदल्या घटकेचा, गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचा. येशू स्वतः म्हणतो, हा प्याला टळू दे. विनवणी करतो, घाम गाळतो आणि मग, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो आपल्या मरणाविषयी बोलतो ते तर तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं: माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो; आणि लगेच, ही आज्ञा मला माझ्या पित्यापासून मिळाली. 'आपण होऊन' आणि 'आज्ञा' एका दमात. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात का, असं तुम्ही विचारताय. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं, एका माणसात तरी त्या पुरत्या नांदल्या.

आता फसवणुकीबद्दल. 'देवाची आज्ञा' म्हणून मुलीचं लग्न बापाच्या मर्जीने लावतात. मारणाऱ्या नवऱ्याकडे क्षमेचं वचन दाखवून बाईला परत धाडतात. औषधं बंद करा, प्रार्थनेवर राहा म्हणणारेही भेटतात. यातलं काही ऐकू नका. 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे येशूचा शिष्य पेत्र याचं वाक्य 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि ते त्याने उच्चारलं ते न्यायसभेसमोर, म्हणजे मुख्य याजक आणि धर्माचे वडीलधारे यांच्या तोंडावर. आज्ञापालनाचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य धर्माधिकाऱ्यांना नकार देताना बोललं गेलंय, हे प्रवचनांत फारसं सांगत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली चित्पावन घरात जन्म, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा. जात गेली, घर काही वर्षं तुटलं, ही किंमत सगळ्यांना माहीत असते. मला त्यांचं 1917 सालचं पाऊल अधिक बोलकं वाटतं. साठीकडे झुकलेले असताना त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. ज्या देवासाठी जात सोडली त्याच देवासाठी मिशनही सोडलं. 1919 साली ते वारले.

उलट बाजूही बायबलात आहे. उधळ्या मुलाच्या गोष्टीतला मोठा भाऊ आठवा. तीही वाटणीचीच गोष्ट, आमच्या गावात सहज घडावी अशी. धाकटा आपला हिस्सा घेऊन उडवून येतो, बाप मेजवानी घालतो, आणि थोरला अंगणात फुगून उभा राहतो: इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, एक आज्ञा मोडली नाही, मला कधी करडूही दिलं नाहीत. त्याने सगळं पाळलंय आणि तो अजिबात मोकळा नाही. घरातच राहून गड्यासारखा हिशेब ठेवत आलाय. तेव्हा नुसतं पाळणं म्हणजे स्वातंत्र्य, असं फादर म्हणाले असतील तर ते अपुरं आहे. पौल रोमकरांना लिहितो की तुम्हाला भीतीच्या दास्याचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळालाय. थोरल्याने पोरकेपणाने पाळलं.

रविवारच्या मिस्सेचं बंधन आपल्या चर्चमध्ये आहे, ते मी तुमच्यासाठी सैल करू शकत नाही. पण घरच्यांशी भांडायचंच तर त्यावरून भांडू नका, कारण तुमची खरी अडचण तिथे असेल असं मला वाटत नाही. डोंगरावरचं प्रवचन, मत्तयाचे पाच ते सात अध्याय, एका बैठकीत वाचून होतात. वाचताना ज्या ओळीवर 'हे आपल्याला लागू नाही' असं पटकन मनात येईल, ती एक ओळ घ्या आणि महिनाभर पाळून बघा. मग फादरांशी वाद घाला. मलाही लिहा, वाद घालायला मला आवडतो.