शेजारी ‘सेक्शन एट’ची घरे आहेत म्हणून जागा नाकारावी का?

तुम्ही लिहिले आहे की न्यू जर्सीतली नोकरी स्वीकारून कुटुंबासह येताना जे अपार्टमेंट कॉम्प्लेक्स तुम्ही पक्के करत आणले आहे, तिथली काही घरे सरकारी अनुदानावर दिलेली आहेत, आणि इथल्या दोन-तीन परिचितांनी ‘सेक्शन एटची माणसे आली की चोऱ्यामाऱ्या वाढतात, तिकडे फिरकूही नका’ असे बजावले आहे. हा सल्ला कितपत खरा मानावा, असा तुमचा प्रश्न आहे. बरीच वर्षे या राज्यात राहत असल्यामुळे नव्याने येणाऱ्या कित्येक कुटुंबांना तो दिला जाताना मी ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत असे की अनुदान हे गुन्ह्यांचे कारण नाही. इमारतीची देखभाल कशी होते आणि गरिबी एकाच ठिकाणी किती कोंबली जाते, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

आधी योजना वेगवेगळ्या ओळखून घ्या, कारण बोलताना सगळ्यांना ‘सेक्शन एट’ हे एकच नाव दिले जाते. हाउसिंग अथॉरिटी म्हणजे घरांच्या योजना चालवणारी स्थानिक सरकारी संस्था. तिच्या मालकीच्या इमारती, म्हणजे पब्लिक हाउसिंग, ही सर्वांत जुनी योजना. १९७४ च्या कायद्याने सेक्शन एट आले. त्याच्या आजच्या व्हाउचर पद्धतीत कुटुंब खुल्या बाजारात स्वतः घर शोधते, उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरते आणि उरलेली रक्कम हाउसिंग अथॉरिटी थेट घरमालकाला देते. १९८६ पासून करसवलतीची योजना आहे, तिच्यात खासगी बिल्डर कमी भाड्याची घरे बांधतो आणि त्या बदल्यात त्याला करात सूट मिळते. न्यू जर्सीत याच्या जोडीला माउंट लॉरेल या नगराविरुद्धच्या खटल्यातले राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे १९७५ आणि १९८३ चे निकाल आहेत. त्यांच्यामुळे कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आपल्या वाट्याची घरे होऊ देणे प्रत्येक नगराला बंधनकारक झाले. नव्या कॉम्प्लेक्समधली काही घरे याच कारणाने राखीव असतात, आणि तुमच्या परिचितांनी ज्यांना सेक्शन एट म्हटले ती बहुधा हीच असावीत.

भीती मात्र हवेतून आलेली नाही. सेंट लुईसमध्ये १९५० च्या दशकात बांधलेल्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या, आणि वीस वर्षांच्या आतच, १९७२ पासून, त्या पाडायला सुरुवात करावी लागली. शिकागोच्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये सोळा मजली २८ इमारती होत्या, आणि तिथल्या जिन्यांवर, लिफ्टमध्ये टोळ्यांचे राज्य होते, हे खरे आहे. पण तिथे काय घडले ते पाहा. या वसाहती मुद्दाम शहराच्या वेगळ्या पाडलेल्या, बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या भागात उभ्या केल्या गेल्या. उत्पन्न वाढले की घर सोडावे लागे, त्यामुळे कमावती कुटुंबे निघून गेली. आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून भागवायचा असल्याने, भाडेकरू जितके गरीब होत गेले तितकी लिफ्ट, दिवे, नळ यांची दुर्दशा वाढत गेली. हजारो गरीब कुटुंबे एका जागी आणून, त्यांना नोकरीपासून दूर ठेवून आणि इमारत वाऱ्यावर सोडून जे होईल ते तिथे झाले. त्यावरून आजच्या तीनशे घरांच्या कॉम्प्लेक्समधल्या चाळीस राखीव घरांना भिणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे आहे.

व्हाउचरविषयीचा संशय पुढे आला तो या वसाहती पाडल्यानंतर. २००८ मध्ये मेंफिस शहराबद्दलचा एक मासिकातला लेख खूप गाजला. पाडलेल्या वसाहतींतली कुटुंबे व्हाउचर घेऊन जिथे गेली, तिथेच गुन्हे वाढल्याचे नकाशावर दिसते, असे त्यात मांडले होते. इन्ग्रिड गुल्ड एलन, मायकेल लेन्स आणि कॅथरीन ओ’रेगन या संशोधकांनी दहा शहरांची आकडेवारी तपासून २०१२ मध्ये याचे उत्तर दिले. व्हाउचरधारक आल्यानंतर गुन्हे वाढतात याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. उलट ज्या भागांत गुन्हे आधीच वाढू लागले होते, तिथे व्हाउचरची कुटुंबे नंतर जात होती. याचे कारण साधे आहे. भाग बिघडू लागला की भाडी उतरतात, चांगले भाडेकरू मिळेनासे होतात, आणि मग एरवी व्हाउचरला नकार देणारे घरमालक हाउसिंग अथॉरिटीकडून दरमहा येणाऱ्या खात्रीच्या रकमेसाठी दार उघडतात. नकाशावर दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पण आधी काय आणि मागाहून काय हे नकाशा सांगत नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. शिकागो आणि अटलांटा येथे वसाहती पाडल्यानंतर अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना असे दिसले की एकूण हिंसक गुन्हे कमी झाले, पण ज्या थोड्या भागांत विस्थापित कुटुंबे मोठ्या संख्येने एकवटली, तिथे गुन्हे जितके कमी व्हायला हवे होते तितके झाले नाहीत. म्हणजे एकवटण्याचा प्रश्न आजही आहे, आणि म्हणूनच विखुरलेल्या घरांचे धोरण मला योग्य वाटते.

ते धोरण चांगले चालते याचे उदाहरण न्यू जर्सीतच आहे. माउंट लॉरेलमध्ये ज्या घरांसाठी दशकानुदशके कोर्टात भांडण चालले, ती १४० घरांची एथेल लॉरेन्स होम्स अखेर २००० च्या सुमारास उभी राहिली. विरोधकांनी सांगितले होते की गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील आणि करांचा बोजा चढेल. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या नगरांशी तुलना करून पाहिले, तेव्हा यातले काहीही झालेले नव्हते. करसवलतीच्या घरांबद्दल रेबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की गरीब भागात ती बांधली गेली की जवळच्या घरांच्या किमती सुमारे ६.५ टक्क्यांनी वाढतात आणि गुन्हे कमी होतात. श्रीमंत, मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या भागांत किमती थोड्या उतरतात. पण ती चिंता घर विकत घेणाऱ्याची, तुमच्यासारख्या भाडेकरूची नव्हे.

मदतीच्या पैशाने माणसे आळशी होतात आणि मग गुन्ह्यांकडे वळतात, हेही तुम्हाला ऐकवले जाईल. पुरावा याच्या उलट आहे, आणि या बाबतीत मला गप्प राहवत नाही. अपंग मुलांना मिळणारे एसएसआय हे मासिक अर्थसाहाय्य १९९६ च्या कल्याण सुधारणा कायद्यानंतर अठराव्या वर्षी फेरतपासणी करून अनेकांचे बंद केले गेले. २२ ऑगस्ट १९९६ च्या आधी आणि नंतर अठरा पूर्ण झालेल्यांची तुलना मानसी देशपांडे आणि मायकेल म्युलर-स्मिथ यांनी केली, तेव्हा मदत गेलेल्यांवरील फौजदारी आरोप पुढच्या दोन दशकांत २० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि ही वाढ मुख्यतः चोरी, घरफोडी, फसवणूक अशा पैशासाठी केलेल्या गुन्ह्यांत होती. पोट भरण्याचा आधार काढून घेतला की काय होते, ते या आकड्यांत आहे.

माझ्या मजल्यावर व्हाउचरवर राहणाऱ्या एक बाई आहेत. वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणे हे त्यांचे काम. हाउसिंग अथॉरिटीचा निरीक्षक यायचा असला की त्या आदल्या संध्याकाळी स्मोक डिटेक्टरचे बटण दाबून पाहतात, प्रत्येक खिडकी उघडते-मिटते का ते तपासतात आणि सिंकखालचा नळ गळत असेल तर मेंटेनन्सच्या माणसाच्या पाठीस लागतात. पात्र असलेल्या कुटुंबांपैकी साधारण चौघांत एकालाच भाड्याची केंद्रीय मदत मिळते, आणि घरातल्या कोणी अमली पदार्थांचा किंवा हिंसेचा गुन्हा केला तर व्हाउचर जाऊ शकते. वर्षानुवर्षे रांगेत थांबून मिळालेले घर ती माणसे जिवापाड जपतात.

आता तुम्ही काय पाहावे ते सांगतो. एजंटला ‘हा भाग सुरक्षित आहे का’ असे विचारलेत तर तो बहुधा उत्तर टाळेल, कारण १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वस्तीबद्दल मत देऊन गिऱ्हाइकाला एखादीकडे वळवणे त्याच्या अंगाशी येऊ शकते. शिवाय व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणे न्यू जर्सीत बेकायदा आहे, त्यामुळे ‘अनुदानित शेजारी नसलेले कॉम्प्लेक्स’ शोधत बसण्यात अर्थ नाही. न्यू जर्सी स्टेट पोलीस नगरवार गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करतात, ते जरूर पाहा, पण जपून वाचा. परॅमससारख्या मोठमोठे मॉल असलेल्या नगरात दुकानांतल्या चोऱ्या तिथल्या थोड्या रहिवाशांच्या नावावर भागल्या जातात आणि दर उगाच फुगतो.

त्यापेक्षा कॉम्प्लेक्समध्ये रात्री नऊच्या सुमारास एक चक्कर मारा. अजून इथे पोहोचला नसाल तर कुणाला तरी पाठवा. पार्किंगमधले दिवे चालू आहेत का, इमारतीचे बाहेरचे दार आपोआप बंद होऊन कुलूप लागते का, की विटेचा तुकडा लावून ते उघडे ठेवले आहे, हे पाहा. फुटपाथच्या कडेला मोटारीच्या काचेचा चुरा दिसतो का, दुपारी टाकलेली पार्सले रात्री दारापाशी तशीच आहेत का, हेही पाहा. लाँड्रीत कपडे वाळवत बसलेल्या भाडेकरूला विचारा की तक्रार केल्यावर दुरुस्तीला किती दिवस लागतात. दिवे आणि कुलपे महिनोन्महिने बंद असतील तर तिथे एकही अनुदानित घर नसले तरी लीजवर सही करू नका. सारे ठीक असेल तर राखीव घरांपायी ही जागा सोडू नका.