परत पाठवायच्या आधी मशीन एकदा घराबाहेर न्या

तुमची पोस्ट वाचून हसू आलं. राग मानू नका, हसू माझंच मला आलं. नवाकोरा मेटल डिटेक्टर आला, हौसेने जोडला, बैठकीच्या खोलीत चालू केला, आणि फरशीवर न्या की भिंतीजवळ न्या, अखंड किरकिर. हाताने नाणं दाखवा, खिळा दाखवा, पडद्यावर धातूचा अंदाज सांगणारा आकडा तोच. 'पीसच खराब आलाय, परत पाठवू का?' असं तुम्ही विचारताय. मी पाठवला होता. दोनदा.

बॅटरी, दांड्याची उंची, बटणं वगैरे माहितीपुस्तिकेत आहे, त्यात जात नाही.

मीही घरातच चालू केला होता. एका जागी वाजायचा, थोडं सरकवलं की गप्प, पुन्हा सरकवलं की पुन्हा वाजायचा. मी आपला शहाणा, जिथे वाजेल तिथे फरशीवर खडूने फुल्या मारत गेलो. तासाभराने खोलीभर सरळ ओळी उमटल्या, आडव्या आणि उभ्या, सारख्या अंतरावर, वहीतल्या चौकटींसारख्या. स्लॅबमधल्या सळयांचा नकाशा मी स्वतःच्या हाताने काढत होतो आणि मशीन वेडं झालंय म्हणत होतो! त्या चौकटींचा फोटोही काढला, पुरावा म्हणून. तो तक्रारीसोबत जोडला.

आता सर्व्हिस सेंटरचं ऐका, नाव घेत नाही. तो फोटो तिथे एकाने जरी नीट बघितला असता तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. पाच आठवड्यांनी मशीन परत आलं, सोबत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही.' फोन केला तर पलीकडून सल्ला, 'सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून बघा.' म्हणजे मशीन किती बारीक इशाऱ्याला दाद देतं ते. वाढवली. आता जिन्यातसुद्धा वाजायला लागला. पुन्हा पाठवला, त्यांनी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू हुंगणारी तबकडी, बदलून दिली, आणि नवी कॉइल अर्थातच त्याच फरशीवर तशीच वाजली. 'तुम्ही हे वापरताय कुठे?' हा एक प्रश्न दोन्ही वेळा कुणी विचारला नाही. चांगला अर्धा मोसम त्यात गेला. चूक माझीच होती, कबूल. पण ज्यांचं रोजचं काम हेच, त्यांनी तरी विचारायला नको?

मनाला लावून घेऊ नका, या सापळ्यात थोरामोठ्यांचे पाय अडकलेत. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा अंगात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तयार केलेलं यंत्र घेऊन गेला होता. यंत्र चालत होतं, पण रुग्णाच्या खालच्या बिछान्यात पोलादी तारा होत्या, त्यांनी घोळ केला. वर मुख्य डॉक्टरांचा आग्रह, गोळी उजवीकडेच आहे, तिथेच शोधा. ती निघाली डावीकडे.

सांगायचं एवढंच की डिटेक्टरला 'नाणं' ठाऊक नसतं. कॉइल सेकंदाला काही हजार वेळा पालटणारं चुंबकीय क्षेत्र सोडते, जवळच्या धातूत त्यामुळे बारीक प्रवाह फिरतात, त्यांचा प्रतिसाद मशीन ऐकतं. मग ती सळई असो, पलंगाची स्प्रिंग असो, की तुमच्या बोटातली अंगठी. हो, आधी अंगठी आणि घड्याळ काढा. प्रत्येक वस्तूला तोच आकडा येतोय म्हणजे बहुधा तुम्ही दर वेळी अंगठीच दाखवताय.

दुसरा त्रास विजेचा: वायरिंग, एलईडी दिवे, राउटर, खिशातला मोबाइल. हे ओळखायची एक युक्ती आहे. कॉइल कंबरेइतक्या उंचीवर, धातूपासून लांब, अगदी स्थिर धरा. हौशी लोकांची बहुतेक मशीनं शोधाच्या मोडमध्ये कॉइल हलली तरच धातूला दाद देतात. त्यामुळे स्थिर धरूनही किरकिर चालू असेल तर तो बाहेरचा विद्युत गोंगाट समजा. हलवल्यावरच वाजत असेल तर जवळपास धातू आहे.

तेव्हा मोकळ्या जमिनीवर जा, विजेच्या तारांपासून दूर. मोबाइल विमान मोडवर. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, लोंबती राहिली तर तीही खोटे आवाज काढते. ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज वजा करायची, सोय असेल तर धातू नसलेली जागा बघून तो करा. मग जमिनीवर एक नाणं ठेवा आणि नुसतं ऐका. त्यानंतर खिळा, बाटलीचं झाकण, चांदीच्या कागदाचा तुकडा, आणि ती काढून ठेवलेली अंगठी. पहिला दिवस एवढ्यातच घालवा. दुसऱ्या दिवशी तसलीच नाणी 5, 10 आणि 15 सेंटिमीटरवर पुरून बघा. हवेत नाणं जितक्या अंतरावरून लागतं, तितक्या खोलवर मातीत सहसा लागत नाही, तेव्हा हिरमुसू नका.

कॉइल फिरवताना जमिनीला समांतर ठेवा. नवखा माणूस झोक्यासारखी फिरवतो, दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते आणि तिथे खोलवरचं काही लागत नाही.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायच्या सोयीबद्दल, माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. सुरुवातीला ते जवळपास शून्यावर ठेवा. कचरा नको म्हणून लोक ते चढवून ठेवतात आणि सोन्याला मुकतात, कारण सोन्याची लहान अंगठी आणि अ‍ॅल्युमिनियमचा कपटा बऱ्याचदा एकाच आकड्यावर बोलतात. उलट गंजलेलं लोखंड कधीकधी नाण्याचा गोड आवाज काढून फसवतं. अशा वेळी काटकोनात फिरून पुन्हा ऐका. आवाज तुटला तर लोखंडाची शक्यता जास्त. तरी मी खणतोच, पण तो माझा रोग आहे.

मी काही इंजिनियर नाही. हे सगळं एका फ्रीक्वेन्सीच्या साध्या मशीनवरचं. समुद्राच्या ओल्या, खाऱ्या वाळूवर असली मशीनं वेगळाच तमाशा करतात, तिथे माझं ऐकू नका.

खणण्याआधी जागामालकाची परवानगी आणि तिथला कायदा बघा. काही ठिकाणी नुसतं मशीन फिरवणंही गुन्हा ठरतो. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. जुनं काही लागलं तर इंग्लंडमधल्या हॉक्सनचा तो माणूस आठवा. 1992 साली मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि रोमन नाणी लागली. थोडी काढल्यावर त्याने खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना उरलेलं जसं पुरलं होतं तसं उकरता आलं. जवळजवळ 15 हजार नाणी निघाली. हातोडाही सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

तर उद्या बाहेर जा, कॉइल स्थिर धरा आणि काय होतं ते इथे लिहा. तिथेही किरकिर थांबली नाही, तर केबलचा जोड जिथे मशीनला बसतो तो काढून पुन्हा घट्ट बसवून बघा. त्यानेही भागलं नाही तर खुशाल परत पाठवा, आणि तक्रारीत कुठे, कसं तपासलं ते स्वतःहून लिहा. समोरून कुणी विचारेल या भरवशावर राहू नका.