‘स्क्वॉ’ म्हणजे नुसती बाई?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे: “1960 चे हिवाळी ऑलिंपिक जिथे झाले, त्या स्क्वॉ व्हॅलीचे नाव बदलले. ‘स्क्वॉ’ ही शिवी आहे म्हणे. पण मूळ अर्थ तर ‘बाई’ एवढाच दिसतो. मग एवढा गहजब कशाला? आणि मराठीत लिहिताना मी कोणते नाव लिहू?”

मूळ अर्थ तोच आहे, यात आता वाद नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मूलनिवासींची मॅसॅच्युसेट नावाची भाषा होती, त्या भाषेतला हा शब्द. 1622 साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ‘स्क्वा सेचिम’ असा उल्लेख येतो, म्हणजे टोळीची मुख्य असलेली बाई, राणीच म्हणा ना. या शब्दाचा मूळ अर्थ स्त्रीच्या गुप्तांगाचा, तो मोहॉक या दुसऱ्या एका मूलनिवासी भाषेतून आला, असे मध्यंतरी बरेच जण सांगत. आइव्ह्ज गोडार्ड या भाषाशास्त्रज्ञाने 1997 मध्ये ते साफ खोडून काढले. तेव्हा शब्दाचा जन्मदाखला स्वच्छ आहे.

पण जन्मदाखल्यावरून चालचलणूक ठरत नाही. आपलाच शब्द घ्या. संस्कृत ‘रण्डा’ म्हणजे विधवा. ‘रांडमुंड’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. म्हणून उद्या कुणी चारचौघांत एखाद्या बाईला ‘रांड’ म्हणाला आणि वर “अहो, मी व्युत्पत्तीने बोललो” असे सांगू लागला, तर त्याचे काय होईल ते मी सांगायला नको.

‘स्क्वॉ’चे तर त्याहून वाईट आहे. ‘रांड’ निदान आपल्या घरातला शब्द. टाहो सरोवराच्या काठचे वाशो किंवा ॲरिझोनातले होपी या मूलनिवासींच्या भाषांचा मॅसॅच्युसेटशी काडीचा संबंध नाही. हा शब्द त्यांच्याकडे आणला गोऱ्या वसाहतवाल्यांनी, आणि तो आला तेव्हा त्याचा राणीशी संबंध उरला नव्हता. हलकी बाई, राबणारी बाई, वाटेल तशी वागवावी अशी बाई, हाच अर्थ. त्या बायकांनी तो शब्द आपल्या आईच्या तोंडून कधी ऐकलाच नाही, ऐकला तो परक्याच्या तोंडून. “तुमचाच तर शब्द आहे” हा युक्तिवाद म्हणूनच मला पोकळ वाटतो.

अमेरिकेच्या गृह खात्याच्या तेव्हाच्या मंत्री डेब हालंड, स्वतः लगूना प्वेब्लो या मूलनिवासी समाजाच्या, यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये हा शब्द अधिकृतपणे अपमानकारक ठरवला. (तिकडचे ‘गृह खाते’ पोलिसांचे नव्हे, सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानांचे.) सप्टेंबर 2022 पर्यंत साडेसहाशेच्या आसपास डोंगर, ओढे, दऱ्यांची नावे बदलली. यातली बरी गोष्ट अशी की सरसकट एकच पर्यायी शब्द चिकटवला नाही. 1963 मध्ये तसे केले होते: काळ्या लोकांसाठीची शिवी नकाशावरून काढली आणि सगळीकडे ‘निग्रो’ घातले. आज तेही नाव खटकते.

या वेळी स्थानिक नावे शोधली गेली. कोलोरॅडोतल्या स्क्वॉ माउंटनला मेस्ताहे हे नाव मिळाले, ते एकोणिसाव्या शतकातल्या शायेन जमातीतल्या एका दुभाषी स्त्रीचे. रोमन लिपीतले त्याचे स्पेलिंग बघून भल्याभल्यांची जीभ अडखळते. देवनागरीत मात्र तीन अक्षरांत काम भागते. फीनिक्स शहरातल्या स्क्वॉ पीकचे नाव तर आधीच बदलले होते. लोरी पायेस्टेवा ही होपी सैनिक 2003 मध्ये इराकमध्ये मारली गेली, त्याच वर्षी राज्याने शिखराला तिचे नाव दिले. माणूस जाऊन पाच वर्षे झाल्याशिवाय त्याचे नाव द्यायचे नाही हा केंद्राचा नियम, म्हणून राष्ट्रीय नकाशावर ते यायला 2008 उजाडले.

महाराष्ट्रातही डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झाला. महारवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर वगैरे यावीत असे ठरले. पण तो मामला थोडा वेगळा. तिथे प्रश्न शब्दाचा मूळ अर्थ काय हा नव्हताच. पत्ता सांगताच जात कळते, हा होता. शिवाय समतानगरे जागोजागी झाली की पोस्टमनचे हाल.

आता तुमच्या लिखाणाचे. स्क्वॉ व्हॅलीतल्या स्कीइंगच्या ठिकाणाने सप्टेंबर 2021 मध्येच ‘पॅलिसेड्स टाहो’ हे नाव घेतले, म्हणून आजच्या सहलीबद्दल लिहिताना तेच लिहा. त्या गावाला ऑलिंपिक व्हॅली म्हणतात. 1960 च्या स्पर्धांबद्दल लिहिताना मात्र ‘तेव्हाची स्क्वॉ व्हॅली’ असे एकदा लिहून पुढे ‘ऑलिंपिक व्हॅली’ ठेवा. जुन्या कागदपत्रांत शोधणाऱ्याला दुवा मिळतो आणि तो शब्द पानभर घोळवायची वेळ येत नाही. आणि कृपा करून त्याचे भाषांतर ‘बाईची दरी’ असे करू नका. मी एका मराठी प्रवासलेखात ते वाचले आहे.