‘अल्कलाइन’ खडकांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: गुजरातेतल्या आंबाडोंगरच्या फ्ल्यूओराइटच्या (कॅल्शियम-फ्लोरीनच्या खनिजाच्या) खाणीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यातल्या ‘अल्कलाइन रॉक्स’ना ‘क्षारीय खडक’ म्हटलं तर चालेल का? आणि आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ‘बेसिक’ खडकांत मोडतो. मग तोही क्षारीयच समजायचा का?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचा निकाल त्यावरच लागतो. बेसाल्ट ‘बेसिक’ आहे, पण दख्खनचा बहुतेक बेसाल्ट ‘अल्कलाइन’ नाही. खडकांच्या बाबतीत या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही.

‘बेसिक’ हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका समजुतीतून आलं. सिलिकेट खनिजं म्हणजे सिलिसिक आम्लाचे क्षार, असं तेव्हा मानत. म्हणून सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) भरपूर असलेला खडक ‘आम्ल’ आणि सिलिका कमी असलेला ‘बेसिक’. समजूत मागे पडली, नावं राहिली. मराठीत यासाठी ‘अल्पसिकत’ हा शब्द आहे आणि तो मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. सिलिका कमी आहे एवढंच तो सांगतो, लिटमस कागद डोळ्यांपुढे आणत नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 48 ते 50 टक्के असते. सोडियम आणि पोटॅशियम यांची ऑक्साइडं मात्र मिळून जेमतेम अडीच-तीन टक्के.

‘अल्कलाइन’ ठरवताना पाहतात ते या दोन ऑक्साइडांचं सिलिका आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) यांच्याशी असलेलं प्रमाण. 1922 मध्ये भूवैज्ञानिक एस. जे. शँड यांनी ही कसोटी नेमकी मांडली. फेल्डस्पार (बहुतेक अग्निज खडकांतलं मुख्य खनिज) तयार होताना सोडियम-पोटॅशियमला ठरावीक वाटा सिलिका आणि ॲल्युमिना लागतं. ते कमी पडलं की उरलेले अल्क, म्हणजे हेच सोडियम-पोटॅशियम, वेगळी खनिजं घडवतात: सिलिका अपुरी असेल तर नेफेलीन किंवा ल्यूसाइट, ॲल्युमिना अपुरं असेल तर एजिरीन. ग्रॅनाइटमध्ये ही ऑक्साइडं आठेक टक्के असतात, बेसाल्टच्या कितीतरी अधिक. तरी बहुतेक ग्रॅनाइट या गटात येत नाहीत, कारण सगळे अल्क फेल्डस्पारमध्ये सामावून वर क्वार्ट्‌झ होण्याइतकी सिलिका शिल्लक राहते. उलट राजस्थानातल्या बालोतरा (पूर्वीच्या बाडमेर) जिल्ह्यात सिवाना इथे असा ग्रॅनाइट आहे, की त्यात सिलिका भरपूर, पण ॲल्युमिना अल्कांना पुरत नाही. तो जुन्या भाषेत ‘आम्ल’ही आहे आणि ‘अल्कलाइन’ही! रसायनशास्त्राच्या वर्गात हे वाक्य कोणी खपवून घेणार नाही, खडकांच्या वर्गीकरणात ते अगदी बरोबर आहे.

आता ‘क्षारीय’. संस्कृतात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून मिळवलेला पदार्थ. यवक्षार, सज्जीखार, पापडखार ही सगळी त्याच घरची नावं. अरबी ‘अल्-किली’चा अर्थही अशीच राख, म्हणजे शब्दाच्या मुळाशी पाहिलं तर ‘क्षारीय’ चुकीचा नाही. हिंदीत तो रूढही आहे. पण मराठीचा प्रवाह वेगळीकडे गेला. आपल्या शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होतो तो क्षार, आणि पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क. सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी ‘क्षारपड जमीन’ म्हणतो तेव्हा त्याला मातीत साचलेलं मीठच अभिप्रेत असतं. ‘क्षारीय खडक’ वाचणाऱ्याला पांढरी पापडी धरलेला दगड दिसेल.

लोणारचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, त्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास. पण ज्या बेसाल्टमध्ये ते विवर आहे तो अल्कलाइन गटातला नाही. आंबाडोंगरचे खडक त्या गटातले आहेत, आणि त्यासाठी तिथल्या पाण्याचा सामू मोजावा लागत नाही. याच कारणाने मला खडकांसाठी ‘अल्कधर्मी’ही पटत नाही. ‘-धर्मी’ म्हटलं की गुणधर्म आला, लिटमस आला. ‘अल्कबहुल’ म्हणावं तर ग्रॅनाइट आडवा येतो. माझं मत ‘अल्कप्रधान’च्या बाजूने आहे. ‘कृषिप्रधान’मध्ये जसा इतर व्यवसायांशी तुलनेचा भाव आहे, तसा यात सिलिका-ॲल्युमिनाशी तुलनेचा भाव आपसूक येतो.

शब्द काळजीने निवडायचा, कारण या खडकांशी निगडित साठे मोलाचे आहेत. पृथ्वीच्या कवचाखालच्या खोल प्रावरणातला खडक अगदी थोडासा वितळला, की नेहमीच्या खनिजांच्या रचनेत न मावणारी मूलद्रव्यं त्या थोडक्या रसात गोळा होतात: नायोबियम, झिर्कोनियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. सोबत कार्बन डायऑक्साइड आणि फ्लोरीन. रस थंड होत जातो तशी ही मंडळी शेवटपर्यंत द्रवात राहतात आणि अखेरीस एकवटतात. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर खिबिनीचं ॲपेटाइट आणि लोवोझेरोचं लोपाराइट, ब्राझीलमध्ये अराशाचं नायोबियम, कॅलिफोर्नियात माउंटन पासचं बास्टनेसाइट हे सगळे याच कुळातले साठे. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकचं सोनंसुद्धा अल्कप्रधान ज्वालामुखी खडकांत सापडतं.

आंबाडोंगर छोटा उदेपूर जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात आहे. तिथल्या कार्बोनेटाइटची (मुख्यतः कार्बोनेट खनिजांच्या अग्निज खडकाची) नोंद 1963 मध्ये आर. एन. सुखेसवाला आणि जी. आर. उदास यांनी प्रसिद्ध केली. वय सुमारे 6.5 कोटी वर्षं, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळातलं. कार्बोनेटाइटचं कडं, शेजारी नेफेलिनाइट आणि फोनोलाइट हे नेफेलीन असलेले ज्वालामुखी खडक, आणि या सगळ्या घडामोडीतून आलेल्या उष्ण द्रवांनी साठवलेलं फ्ल्यूओराइट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही, मुरूड-जंजिऱ्याजवळ, याच कुळाशी नातं सांगणाऱ्या लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाच्या भित्ती (भेगांत शिरून थिजलेल्या भिंतीसारख्या पट्ट्या) बेसाल्टला छेदून गेल्या आहेत.

कार्बोनेटाइट, नेफेलीन, फोनोलाइट ही नावं आहेत तशीच ठेवा. ‘ओअर’साठी ‘धातुक’ बरोबर आहे, पण फ्ल्यूओराइटमधून धातू काढत नाहीत, म्हणून तुमच्या मजकुरात ‘खनिजसाठा’ म्हणा. वाक्य असं होईल: ‘आंबाडोंगरचा फ्ल्यूओराइटचा खनिजसाठा कार्बोनेटाइट आणि अल्कप्रधान अग्निज खडकांच्या संकुलात आहे.’ ‘अल्कप्रधान’ पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ जोडा: सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या मानाने सोडियम-पोटॅशियम जास्त असलेले.