मांडीचं हाड ३१ आठवड्यांचं, डोकं ३०चं

“मॅडम, माझं बाळ एकाच वेळी चार वयांचं आहे.”

खुर्चीत बसायच्या आधीच स्नेहल हे बोलली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.) वाक्य हसू यावं असं होतं, पण तिचे डोळे सुजलेले होते. मागे निखिल, हातात फाइल. ठाण्यात नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर असे चेहरे घेऊन येणाऱ्या जोडप्यांची मला आता सवय झाली आहे.

रिपोर्ट उघडला. डोक्याची रुंदी, म्हणजे बीपीडी: ३० आठवडे १ दिवस. डोक्याचा घेर ३१ आठवडे ५ दिवस. पोटाचा घेर ३२ आठवडे. मांडीचं हाड ३१ आठवडे. आणि स्नेहलला त्या दिवशी पूर्ण होत होते ३२ आठवडे ४ दिवस. अंदाजे वजन १८१० ग्रॅम. खाली प्रसूतीची नवी तारीख, २१ नोव्हेंबर. आधी तिला १२ नोव्हेंबर सांगितली होती.

रात्रभर निखिलने मोबाइलवर एकेक आकडा टाकून पाहिला होता. सासूबाईंनी वेगळाच अर्थ काढला: “लोकलच्या धक्क्यांनी आणि डब्यातल्या गार पोळ्यांनी बाळ मागे राहिलं.” स्नेहल ठाण्याहून ऐरोलीला आयटी पार्कमध्ये कामाला जाते. तारीखच नऊ दिवस सरकल्यामुळे चिपळूणला माहेरी कधी जायचं, रजा कधी टाकायची, तेही अडकलं होतं.

मी माझा नेहमीचा पाठ सुरू केला. आठवड्यांचे हे आकडे म्हणजे बाळाच्या अवयवांची वयं नव्हेत. मशीन सेंटिमीटर मोजतं आणि ‘एवढी लांबी सरासरी किती आठवड्यांच्या बाळाची असते’ ते कोष्टकातून छापतं. बुटक्या आईवडिलांच्या मुलाची उंची चौथीच्या मुलांइतकी असली म्हणून ते पाचवीतून चौथीत जात नाही. तारखेचंही तसंच. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाच्या सोनोग्राफीतली चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या तीन महिन्यांत कुणी दणकट होतं, कुणी बारीक राहतं, आणि तारखेचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. स्नेहलची पाळीवरून तारीख १२ आणि नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीवरून १४ आली होती. इतका मेळ असल्यावर डॉक्टरांनी १२ पक्की केली, ती पक्कीच. मशीन प्रत्येक वेळी नवी तारीख छापतं, कारण छापायला त्याला कुणी मनाई केलेली नाही.

दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम.

मग निखिलने विचारलं, “आणि वार ग्रेड दोन का? ग्रेड एक का नाही?” मी सांगितलं की वारेची ग्रेड म्हणजे परीक्षेची श्रेणी नव्हे, दिवस भरत आले की वारेत कॅल्शियमचे ठिपके दिसू लागतात, तेवढंच. त्याने तेही लिहून घेतलं. स्नेहल मात्र टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती. तेव्हा लक्षात आलं की मी निखिलच्या शंकांची उत्तरं देत होते, तिच्या नाही. इतक्या वर्षांनंतरही ही चूक होते. जो बोलतो त्याच्याकडे आपण वळतो.

निखिलला पाणी आणायला पाठवलं आणि तिला विचारलं, “अगं, तपासणी चालू असताना तू काय बघत होतीस?”

“छताकडे. मशीनचा पडदा डॉक्टरांकडे होता. वीस मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. डोकं चार वेळा मोजलं. मग मला कुशीवर वळायला सांगितलं, परत मोजलं. मॅडम, चांगलं असतं तर कुणी चार वेळा कशाला मोजेल?”

तिची रात्र आकड्यांनी गेली नव्हती. त्या वीस मिनिटांच्या शांततेने गेली होती. आकडे नंतर पुरावा म्हणून जोडले गेले.

ही शांतता आपल्याकडे जरा जास्तच घट्ट असते. खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, आत जायच्या आधी फॉर्म एफ हा कायद्याने लागणारा नोंदीचा अर्ज आणि ओळखपत्र. १९९४चा कायदा शब्दाने, खुणेने, कसंही लिंग सांगायला मनाई करतो, आणि ते हवंच होतं. पण पोटातलं बाळ बरं आहे, त्याचं हृदय चालू आहे, हे सांगायला कायदा कुणाला अडवत नाही. काही डॉक्टर तेही बोलत नाहीत. मला हे पटत नाही आणि मी त्यांना तसं सांगतेही.

चार वेळा मोजण्याचं कारण रिपोर्टातच होतं, फक्त कुणी वाचून दाखवलं नव्हतं: बाळ पायाळू स्थितीत. डोकं वर, आईच्या फासळ्यांखाली. अशा बाळाचं डोकं पुष्कळदा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, लांबट होतं. मग रुंदी कमी भरते, पण घेर नीट येतो. म्हणूनच बीपीडी ३०चं आणि घेर जवळजवळ ३२चा. टोपी शिवणारा शिंपीसुद्धा रुंदी घेत नाही, घेर घेतो.

शिवाय आठव्या महिन्यातली सोनोग्राफी पाचव्या महिन्यासारखी सुरेख दिसत नाही. कवटीचं हाड घट्ट होत जातं, त्याची सावली पडते, आणि मेंदूचा जवळचा अर्धा भाग पुसट येतो. बाळाला हलायला जागा कमी, त्यामुळे चेहरा, हात, पाठीचा कणा हवा तसा समोर येत नाही. ‘स्थितीमुळे नीट दिसले नाही’ ही ओळ याच अर्थाची असते. उलट काही गोष्टी आताच दिसू लागतात. मेंदूवरच्या वळ्या वाढतात, आतड्यांची वेटोळी ओळखू येतात, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्यापाशी, साधारण ३२-३३व्या आठवड्यात एक पांढरा ठिपका उमटतो. मूत्राशय भरतं, अर्ध्या तासात रिकामं होतं, परत भरतं.

“म्हणजे ते तिथे शू करतं?” स्नेहल पहिल्यांदा हसली.

करतं. आणि तेच मुख्यतः बाळाभोवतीचं पाणी असतं. तिचं पाणी ११ सेंटिमीटर होतं, पाच ते पंचवीसच्या मध्ये, निवांत. नारळपाण्याची जी शहाळी सासूबाई रोज दोन-दोन आणत होत्या, ती ज्याला आवडतात त्याने प्यावीत.

यानंतर मी तिला जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. एका दिवसाचा आकडा थोडंच सांगतो. दोन आकड्यांमधली वाट जास्त सांगते. वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतोच, म्हणजे १८१० ग्रॅम म्हणजे दीड किलोच्या जरा वर ते दोन किलोच्या जरा वर असं काहीही. तिचं बाळ, सगळ्यात हलक्यापासून मोजत गेलं तर, शंभरात सोळाव्या-सतराव्या जागी होतं. डॉक्टर दहाव्याच्या खाली गेलं की सावध होतात, किंवा वाढीची रेघ खाली घसरली, पाणी घटलं, नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, बिघडलेला दिसला की. गार पोळ्यांनी यातलं काही होत नाही. आणि बाळाची हालचाल मंदावली असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा.

तिच्या डॉक्टरांशी मी बोलले. तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी ठरली. त्याआधी नको, कारण मोजण्यातली चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते. जाताना तिला एकच गृहपाठ दिला: आडवी झालीस की आधीच सांग, ‘डॉक्टर, मोजताना जरा बोलत राहा.’

१२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी निखिलचा फोन आला. २३९० ग्रॅम, रेघ तीच, पाणी ठीक, बाळ अजून पायाळूच. मग फोन तिने ओढून घेतला. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला नव्हता, पण बोलले होते. “बाळ हलतंय, थांबा, परत घेतो.” “हे पोट.” “हा गुडघ्याचा ठिपका, वेळेवर आलाय.” डोकं या वेळीही तीनदा मोजलं म्हणे. सासूबाईंनी कालनिर्णयावर १२, १४, २१ अशा तीन तारखांना केलेले गोल आता एकावर आले होते.

बाळ काही वळलं नाही. सगळ्या बाळांपैकी शेकडा तीन-चार दिवस भरेपर्यंत तशीच राहतात. बाहेरून फिरवून बघायचा पर्याय डॉक्टरांनी समजावला होता, तिने नको म्हटलं. ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन झालं, चिपळूणला नाही, इथेच. वजन २ किलो ८५० ग्रॅम. डोकं जरा लांबट होतं, ते महिन्या-दोन महिन्यांत गोल होईल, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं.

सव्वा महिन्याने तिघं भेटायला आली, बरोबर सासूबाईही. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, आणि त्यांची पाठ बरीच वर्षं धरते. निघताना दारात थांबून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “मॅडम, पण ऑपरेशनने झालेल्याला पायाळू म्हणायचं का हो?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.