फिलिपिन्सचा क्वीअर इतिहास सुलेखनातून मांडायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही बायबायिन ही फिलिपिन्सची जुनी लिपी शिकताय आणि पहिला शब्द कुठला घेऊ असं विचारताय. मी म्हणेन, 'सिया' घ्या.

तागालोग या तिथल्या भाषेत तो आणि ती, दोघांना हा एकच शब्द. 'आसावा' म्हणजे नवरा किंवा बायको, 'कापातिद' म्हणजे भाऊ किंवा बहीण. आपल्याकडे मी नुसतं 'लिहिते' म्हटलं की मी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकतं.

बायबायिन ब्राह्मीच्याच कुळातली, त्यामुळे व्यंजनात आपल्यासारखाच 'अ' मुरलेला. 'स'च्या डोक्यावर कुद्लित, म्हणजे छोटीशी खूण, दिली की 'सि'. पुढे 'या'. झालं, दोन अक्षरं! पूर्वी ही लिपी बांबूवर सुरीच्या टोकाने कोरत. मी सुरुवातीला बोरूने लिहायचे आणि अक्षरं सारखी देवनागरीच्या वळणावर जायची. बांबूच्या कांबीवर कोरून पाहिलं, तेव्हा कुठे हात बसला.

मग 'बाक्ला'. बायकी वळणाच्या, बाईसारखं राहणाऱ्या पुरुषांसाठी आजचा रोजचा शब्द. जुन्या लेखनात पाय मोडायची सोय नव्हती; ती खूण १६२० साली फ्रान्सिस्को लोपेझ या स्पॅनिश ख्रिस्ती धर्मगुरूने आणली. त्याआधीच्या रीतीने 'क्' गळतो आणि उरतं 'बा ला'. 'बाबाए' म्हणजे बाई, तिचा बा. 'लालाकी' म्हणजे पुरुष, त्याचा ला. पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसले होते. पण कृपा करून चित्राखाली ही व्युत्पत्ती म्हणून देऊ नका. जुन्या तागालोगमध्ये त्या शब्दाचा अर्थ मनाची चलबिचल असा होता. बा-ला जुळतं ते लिपीमुळे, आणि तेवढंही मला पुरेसं सुंदर वाटतं.

तिसरा शब्द जड आहे: 'बायोगिन'. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश ख्रिस्ती धर्मगुरूने १५८९ साली तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्यात बाईच्या स्वभावाचा पुरुष म्हणून बायोगिन येतो, तोही सैतानाच्या पुजाऱ्यांच्या यादीत. ज्यांना लोक देवकार्याला बोलवत, त्यांची नोंद उरली ती त्यांचा धर्म मोडायला आलेल्याच्या हातची. म्हणून हा शब्द मी रोमन लिपीत कधीच काढत नाही. बांबूवर, जुन्या रीतीने कोरते: बा, यो, गि. शेवटचा 'न' वाचणाऱ्याने मनाने लावायचा, तेव्हाचे लोक लावत तसा.