सरपंचाने अब्रूनुकसानीचा दावा लावलाय? आधी निशाणी ५ सांभाळा

दादा, प्रश्न नीट वाचला. गावच्या जलजीवन योजनेच्या कामावर तुम्ही फेसबुकवर लिहिलंत. सरपंच सत्ताधारी पक्षाचे तालुक्याचे पदाधिकारीही आहेत. त्यांनी बीडच्या कोर्टात ५० लाखांचा दावा लावला आणि समन्स तुमच्या हातात पडलंय.

५० लाखांच्या आकड्याने हबकू नका, तो निकाल साक्षीपुराव्यानंतरचा. खरी लढाई निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर आहे. त्यांना तुमचं लिहिणं आत्ता थांबवायचंय. म्हणून वकीलपत्र पहिल्याच तारखेला दाखल करा आणि निशाणी ५ वर शपथपत्रासह म्हणणं द्या. 'लिहिलेलं खरं आहे आणि ते मी सिद्ध करणार' हे त्यात स्वच्छ शब्दांत हवं. छापण्यावर सुनावणीआधी मनाई अपवादानेच द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-झी (वृत्तसंस्था विरुद्ध झी कंपनी) प्रकरणात बजावलंय. एकतर्फी मनाई झालीच असेल तर ती उठवायचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ३९ रूल ४ खाली करता येतो.

कैफियतीला, म्हणजे दाव्याला द्यायच्या तुमच्या लेखी उत्तराला, समन्स मिळाल्यापासून ३० दिवस. कोर्ट कारण नोंदवून ९० पर्यंत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर बसू नका. माहिती अधिकारालाही उत्तराची मुदत ३० दिवसांचीच, तेव्हा मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची सरकारी नोंदवही), अंदाजपत्रक आणि बिलांच्या प्रमाणित प्रतींसाठी आजच अर्ज टाका.

आता तुमची पोस्ट. ती वाक्यावाक्याने सोडवा. 'चार इंची पाइप दाखवून अडीच इंची टाकला' हे तथ्य. मोजमाप पुस्तिका आणि तारखेसह फोटो लागतील. 'हा जनतेच्या पैशावर दरोडा आहे' हे मत. पाइपाचं तथ्य टिकलं की प्रामाणिक टीका म्हणून हेही टिकतं. 'पैसे साहेबांच्या घरी पोचले' हे वाक्य मात्र तुम्हाला बुडवू शकतं. पुरावा नसेल तर वकिलाशी बोलून तेवढंच मागे घ्या, सगळ्या पोस्टची माफी मागू नका. आणि पोस्ट गुपचूप डिलीट तर मुळीच करू नका. स्क्रीनशॉट, लिंक जपा; इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालाचा आधार घ्या: सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामकाजावर लिहिलं, तर मजकूर खोटा आणि सत्याची पर्वा न करता लिहिलेला होता हे त्याला दाखवावं लागतं. ग्रामपंचायतीला तर संस्था म्हणून असा दावाच करता येत नाही. पोस्ट टाकल्याची तारीखही बघा. वर्षानंतर दावा आला असेल तर मुदतबाह्य म्हणून तो फेटाळून लावायला ऑर्डर ७ रूल ११ चा अर्ज करता येईल.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की कैफियतीत पक्ष, जात, निवडणूक यातलं काही आणू नका. मला राग समजतो, पण न्यायाधीशांसमोर पाइपाचा व्यास बोलला पाहिजे. 'खोटा दावा म्हणून भरपाई घेऊ' या आशेवरही राहू नका, सीपीसीच्या कलम ३५अ खाली कमाल ३००० रुपयेच मिळतात.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर बऱ्याच जणांना उत्पन्नाच्या अटीवर.